काही होत नाही

“गोधडी डोक्यावरून घेऊन झोपता का, मावशी?” आचलनं विचारलं आणि माझी आई हसली.

प्रश्न तिचाच होता. सत्तावीस वर्षं तिनं तो याच खोलीत, याच स्टुलावर बसून लोकांना विचारला होता. आज स्टुलावर सिस्टर आचल होती आणि आई समोरच्या पलंगावर. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, डोक्याला कागदी टोपी, उजव्या भुवईवर निळ्या शाईची फुली. दर दहा मिनिटांनी आचल तिच्या डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब टाकत होती.

“घेतो ना,” आई म्हणाली. “पायापासून डोक्यालोक. थंडी असो का उन्हाळा.”

आचलनं कागदावर खूण केली. मी दारात उभी होते. आई खोटं बोलते आहे, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

अमरावतीच्या या डोळ्यांच्या दवाखान्यात आई मदतनीस म्हणून लागली, तेव्हा मी तिसरीत होते. फरशी पुसणं, पेशंटला टेबलापर्यंत हात धरून नेणं, पुन्हा बाहेर आणणं, एवढंच तिचं काम. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिच्या लक्षात आलं की मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माणूस घाबरतो तो सुरीला नाही, कापडाला. टेबलावर आडवं केलं की डोक्यापासून छातीपर्यंत हिरवं कापड टाकतात. त्याला एका डोळ्यापुरतं भोक असतं. बाकी तोंड झाकलेलं. ज्याला ते सोसत नाही तो मध्येच मान हलवतो, उठून बसायला बघतो, आणि तेव्हा डॉक्टरच्या हातातलं हत्यार डोळ्याच्या आत असतं.

‘घाबरता का?’ असं विचारलं तर आमच्याकडचा माणूस ‘कायले घाबरू’ असंच म्हणणार. म्हणून तिनं गोधडीचा प्रश्न काढला. गोधडी डोक्यावरून ओढून झोपणारा माणूस कापडाखाली निवांत पडतो. त्याला डोळा बधिर करणाऱ्या नुसत्या थेंबांवर, जागेपणी करता येतं. नाकापर्यंत घेणाऱ्याला डोळ्याच्या बाजूला सुई द्यावी, म्हणजे डोळा बधिर होतो आणि हलतही नाही. आणि जो म्हणतो, बाई, तोंडावर काहीच चालत नाही, त्याला हाताच्या शिरेतून हलकी झोप. झोपेसाठी भूल देणारे डॉक्टर लागत, आणि ते अकोल्याहून फक्त गुरुवारी येत.

एवढं झाल्यावर ती समोरच्याला तिन्ही गोष्टी समजावून सांगे आणि विचारे, तुमाले काय पाह्यजे? बहुतेक जण म्हणत, तुमी म्हणसान तसं. हे उत्तर ती घेत नसे. “डोया माहा हाय का?” ती म्हणे आणि बसून राही. आणि हे सगळं विचारायच्या आधी ती नातेवाइकांना खोलीबाहेर काढी.

तिचा एक किस्सा दवाखान्यात अजून सांगतात. वलगावचे अब्दुल सत्तार घड्याळं दुरुस्त करत. त्यांचा मुलगा फरदीन सोबत होता आणि तो एकसारखं म्हणत होता, “अब्बाले झोपवूनच करा. त्यायच्यानं सहन नाई होनार.” अब्दुलचाचा गप्प. आईनं फरदीनला चहा आणायला पाठवलं. दार लागल्याबरोबर चाचा म्हणाले, “बाई, चालीस साल मैंने दुसरों की मशीन खोली. आज माही खुलून राहिली, अन् मी झोपू?” ते जागे राहिले. ऑपरेशनभर डॉक्टर मोहोडांना विचारत होते, आता कोणतं हत्यार घेतलं, त्याचं टोक किती बारीक. फरदीन चहा घेऊन आला तेव्हा त्यांना आत नेलेलं होतं. तो आईवर चिडला. आई म्हणाली, “दे इकडे चहा, थंडा होते.”

आत गेल्यावर ती पेशंटचा हात हातात घेऊन कापडाच्या कडेशी तोंड नेऊन एकच वाक्य म्हणे. कायी होत नाई. मी आहो. हजारो लोकांनी ते ऐकलं असेल. आई गेल्यावर भेटायला आलेल्यांपैकी कितीतरी जणांनी मला तेच सांगितलं. चेहरा आठवत नाही, म्हणाले, पण आवाज आठवतो.

आणि तिचं स्वतःचं असं होतं की तिला तोंडावर काहीच चालत नसे. ती आठ-नऊ वर्षांची असताना तिवशाला मामाच्या घरी कापसाचा ढीग लागला होता. पार आढ्यापर्यंत. पोरं त्यात उड्या मारत. ती आत गेली आणि वरून दोन मामेभाऊ पडले. बाहेर काढलं तेव्हा ती निळी पडली होती, असं आजी सांगे. तेव्हापासून तिनं कधी तोंडावर पांघरूण घेतलं नाही. मे महिन्यात आमच्याकडे झाडून साऱ्या बायका डोळ्यांपुरती फट ठेवून स्कार्फ बांधतात. आई तेवढी उघड्या तोंडानं सायकलवर दवाखान्यात जाई. तिचा चेहरा मानेपेक्षा दोन छटा काळा होता.

आचल दुसऱ्या पेशंटकडे गेली तशी मी पलंगाजवळ गेले.

“खोटं काऊन सांगितलं तू?”

“हळू बोल.”

“तुले रुमालही सहन होत नाई तोंडावर.”

आईनं डोळे मिटलेले होते. थेंब गालावर ओघळला होता, तो तिनं बोटानं पुसला. “सत्तावीस वर्षं म्या लोकायले सांगतलं, कायी होत नाई. खरं सांगतलं का खोटं, थे मले कोन सांगन?”

“लोकं सांगतातच की बाहेर आल्यावर.”

“लोकं?” ती म्हणाली. “लोकं बाहेर येते अन् डाक्टराच्या पाया पडते. त्यायले इचारून काय समजन? तू चूप राह्य. कोनाले कायी सांगू नको.”

मी बाहेर येऊन बाकावर बसले. मी अकोल्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. लोकांना हवं ते पुस्तक द्यायचं, मला योग्य वाटतं ते नाही, हे मी रोज करते आणि मला ते चांगलं जमतं. पण त्या सकाळी मला आढ्यापर्यंतचा कापूस दिसत होता. सकाळी तिचा रक्तदाब एकशे सत्तर भरला होता. मी उठले आणि डॉक्टर मोहोडांच्या खोलीत गेले.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. “मावशी मला काही बोलल्या नाहीत.”

“ती बोलणार नाही.”

“त्यांनी स्वतः थेंब लिहून दिलंय. सही केली आहे.”

“सर, ती मध्येच उठून बसली तर?”

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. गुरुवार होता. भूल देणारे डॉक्टर आतच होते. मोहोडांनी कागद पुढे ओढला, ‘थेंब’ या शब्दावर रेघ मारली, वर दुसरं लिहिलं आणि नातेवाइकाच्या सहीच्या जागेवर बोट ठेवलं. मी सही केली.

अकराच्या सुमारास आईला बाहेर आणलं. उजव्या डोळ्यावर पट्टी, हातात चहाचा कप. पहिला घोट घेताना तिला मनगटाजवळची चिकटपट्टी दिसली.

“हे कायचं?”

मी तिच्या हातातला कप धरायला पुढे झाले.

“म्या मोजून राहिली होती,” ती म्हणाली. “कापड टाकलं. डाक्टर म्हणे, मावशी, आरामाचं औषध देतो. एक, दोन मोजलं. मंग एकदम ही खोली.” तिनं कप खाली ठेवला. “तू सांगतलं?”

“हो.”

तिनं उघड्या डोळ्यानं समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिथं अक्षरांचा तक्ता होता. मग कप परत उचलला.

“सगळ्यायच्या नातेवाईकायले बाहेर काढलं म्या,” ती म्हणाली. “तुलेच काढाचं राह्यलं.”

एवढंच. त्यावर ती आपणहून पुन्हा कधी बोलली नाही. घरी आल्यावर मी रजा काढून पंधरा दिवस तिच्या डोळ्यात थेंब टाकत होते. ती मुकाट्यानं मान वर करी. मी एकदा म्हटलं, आई, चुकलं माझं. ती म्हणाली, “मायेनं केलं तू. सगयेच मायेनं करते. म्हणूनच बाहेर काढा लागते.” मग तिनंच विचारलं, संध्याकाळी भाजी काय करू.

डावा डोळा सहा महिन्यांनी करायचा होता. तोवर ती निवृत्तही झाली होती. एका सोमवारी दुपारी मी ग्रंथालयात असताना तिचा फोन आला.

“झालं.”

“काय झालं?”

“डोया. डावा. चंदा आलती संगं.” चंदा म्हणजे आमची शेजारीण. “येशीन तं ये. नाई आली तरी चालते.”

सोमवारी अकोल्याचे भूल देणारे डॉक्टर नसतात, हे मला बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं.

मी पोचले तेव्हा ती घरी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. चंदा वरण गरम करत होती. आईनं मला समोर बसवलं आणि न विचारता सांगायला लागली. ती सांगत होती ते मला नव्हतं बहुतेक. पाठ करून ठेवत होती.

“कापड टाकल्यावर अर्धं मिनिट बरी होती. मंग कापूस आला. नाकात, तोंडात. म्या म्हटलं, डाक्टर, थांबा. तवा त्यायनं सुरूच केलं नव्हतं. आचलनं कापडाची कोर वर धरली. हवा आली. म्हटलं, करा. मंग अजून एकदा थांबवलं. थे मात्र मध्येच. डाक्टर म्हणे, मावशी, दहा मोजतो, हलू नका. त्यायनं मोजलं. मी हलली नाई.”

“दुखलं?”

“दुखत नाई. पण समजते ना सगयं.” ती बोटं मोजू लागली. “पाणी येते, गार, कानालोक जाते. अंगठ्यानं दाबल्यावानी होते. मशीन अशी वाजते, दूर कुठी आटाचक्की सुरू असल्यावानी. उजेड पांढरा असते, मंग निळा, मंग गुलाबी, मंग सगया इरघयून जाते. इतकं सुंदर होतं, अन् मी मेल्यावानी भेली होती. दोन्ही एकाच टायमाले.”

चंदानं ताट आणून ठेवलं. आईनं तिकडं पाहिलं नाही.

“होते, रागिणी. कायी होत नाई थे खोटं होतं.”

“तू धीर द्यायला म्हणायचीस.”

“धीर तं दिला. खोटा दिला.” तिनं चादर पायावर ओढली. मग म्हणाली, “कितीक जनं त्या कापडाखाली इचार करत असतीन. बाई म्हणे कायी होत नाई, मंग मलेच काऊन होऊन राह्यलं. आपलंच मन कच्चं म्हणून चूप बसले असतीन.”

मला वाटलं ती रडेल. तिनं ताट पुढे ओढलं आणि भात कालवला.

आठ दिवसांनी तिचा डोळा दाखवायला मी तिला दवाखान्यात नेलं. मंगळवार होता. मंगळवारी गावोगावच्या शिबिरांत निवडलेली माणसं येत आणि तपासणीची खोली भरलेली असे. डॉक्टरांनी डोळा बघितला, छान आहे म्हणाले. आई उठली, पण दाराकडे गेली नाही. आचलच्या शेजारी रिकामं स्टूल होतं, त्यावर जाऊन बसली.

“मावशी, तुम्ही आता आराम करा,” डॉक्टर म्हणाले.

“करतो,” आई म्हणाली आणि समोरच्या बाईच्या सुनेला बाहेर जायला सांगितलं.

ही बाई धामणगावकडची, पार्बताबाई. दोन्ही डोळे पिकलेले. समोर कोणी बसलं आहे एवढंच तिला दिसत असावं, कारण ती आईच्या खांद्याच्या जरा बाजूला बघून बोलत होती. मी कोपऱ्यात उभी राहिले. आईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी दाराबाहेर गेले. दार अर्धं उघडं राहिलं, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

“दुखन का वो बाई?”

“दुखत नाई. पण समजते.” आणि आईनं सांगितलं. पाणी, अंगठा, आटाचक्की, उजेड. “तोंडावर कापड राह्यते, पंधराक मिनिटं. श्वास घेता येते. पण येनार नाई असं वाटते. वाटलं तं बोलाचं, थांबा म्हणाचं. डाक्टर थांबते. म्या दोनदा थांबवलं.”

“तुमी केलं?”

“दोन्ही डोये केले.”

“दोन्ही जागीच?”

“एक झोपून झाला. एक जागी.”

“कोनता बेस होता?”

“मले जागं राह्याचं होतं. तुमाले काय पाह्यजे?”

“तुमी म्हणसान तसं.”

“डोया माहा हाय का?”

मग पार्बताबाईचा आवाज आला, अगदी सावकाश. “म्या जलमभर सगयं जागी राहूनच केलं, बाई. पाच बायतपनं केले. सासू पाह्यली, नवरा पाह्यला, दोघायच्याही उशाशी मीच. हे एक झोपून होऊ द्या.”

आई इतकी हसली की बाहेरच्या बाकावरच्या बायका आत बघू लागल्या. मग स्टूल सरकलं आणि ती डॉक्टरांच्या टेबलाशी गेली.

“बाई झोपून म्हणते.”

डॉक्टरांनी कागद बघितला. “थेंबांवर होईल मावशी, शांत बाई आहे. उद्याच घेतो. झोप म्हटलं तर गुरुवार, आणि तिची साखर वाढलेली आहे, म्हणजे हा गुरुवारही नाही. पुढचा.”

“थांबते म्हणते.”

“घरच्यांना विचारलं का? लांबून येतात, पुन्हा खेप पडेल.”

“तिले इचारलं म्या,” आई म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. ‘थेंब’वर रेघ मारायला पेन उचललं, मग आधी आईकडे बघितलं, नंतर दारातल्या माझ्याकडे. कागद घेऊन ते स्वतः उठले, पार्बताबाईपाशी गेले आणि वाकून तिलाच पुन्हा विचारलं. तिनं अंगठा दिला.

जाताना तिनं आईचा हात धरला. “तुमी असान ना तवा?”

“असतो ना,” आई म्हणाली.

त्या रविवारी सकाळी आई गेली. पोहे भिजवले होते, कांदा चिरून ठेवला होता. मला हाक मारली आणि मी येईपर्यंत ओट्याशेजारी खाली बसली होती. तिचे दोन्ही डोळे स्वच्छ होते. तेरा दिवसांपूर्वीच केलेला डावा जरा लाल होता.

आचल शनिवारी भेटायला आली. घर माणसांनी भरलेलं होतं, म्हणून आम्ही मागच्या पायरीवर बसलो. तिनं पाणी घेतलं, पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “ताई, पार्बताबाईचं झालं गुरुवारी.”

“नीट?”

“एकदम नीट. सून म्हणे, थेंबावर करा, झोपेची भीती वाटते आमाले. म्हातारीनं तिले हातानंच बाजूले केलं. म्हणे, म्या सांगतलं हाय. झोपून.”

“आईचं सांगितलं तिला?”

“नाई. ऑपरेशन होईस्तोवर नको, सर म्हणाले. ती इचारत होती, त्या बाई कुठी हाय. आमी म्हटलं, येतीन.” आचलनं गिलास पायरीवर ठेवला. “काल पट्टी काढली. सगयं साफ दिसून राह्यलं तिले. भिंतीवरचं घड्याळ वाचलं, आपल्या सुनेले म्हणे, तू इतकी बारीक कवा झाली. मंग उठली. अन् आमा बायकायपाशी एकेकीपाशी येऊन उभी राहाले लागली. तोंडाकडे पाहे, पण कायी बोले ना. आमाले समजेच ना.”

मी तिचा गिलास उचलून बाजूला ठेवला.

“म्या म्हटलं, काय पाह्यजे, आजी? मी बोलली तशी तिनं मान हलवली अन् पुढच्या सिस्टरपाशी गेली. थे बोलली, मंग तिच्या पुढची. चौघीजणी होतो आमी. चौघीयचाही आवाज ऐकला तिनं.”

“मग?”

“मंग बाकावर जाऊन बसली. सून म्हणे, चला, गाडी सुटते. म्हातारी म्हणे, तू जाय. मी थांबतो.”